पिठाच्या डब्यात डोकावणारे मामेसासरे

महाराष्ट्रात आजवर जेवढ्या माणसांनी परक्याच्या घरातल्या पिठाच्या डब्यात डोकावलं असेल, त्या सगळ्यांची बेरीज केली तरी माझे मामेसासरे दोन डबे पुढंच निघतील. हे मी कौतुकानं सांगत नाही. निदान सुरुवातीला तरी नाही. त्यांच्या या सवयीचा पहिला फटका ज्यांना बसला त्यांत मी एक आहे, आणि मी विसरणारा माणूस नाही.

मी मिरजगावचा भांडीवाला. आठवडे बाजारात गोणपाट अंथरून चमचे-उलथनी विकण्यापासून सुरुवात केली. आज रस्त्याला लागून दुकान आहे आणि दारात टेम्पो आहे. मध्ये कुणाचा हात लागलेला नाही. माझ्याशी घासाघीस करून कुणी जिंकल्याचं आमच्या भागात ऐकिवात नाही, आणि चुकून हरलोच तर मी गप्प बसल्याचंही ऐकिवात नाही. पण ही सगळी पुढची गोष्ट. लग्नाची बोलणी चालली तेव्हा माझ्याकडं पत्र्याची दोन खणांची खोली, विधवा आई आणि एक गोणपाट एवढंच होतं. मुलीकडचे पाच जण घर बघायला आले. चौघे पोहे खात बसले. पाचवे, म्हणजे मुलीचे मामा, पाणी प्यायचं निमित्त करून उठले, सरळ चुलीपाशी गेले, डब्याचं झाकण काढलं आणि आत हात घालून बोटं आडवी लावली. बाहेर येऊन त्यांनी सगळ्यांसमोर शांतपणे जाहीर केलं, "मुलगा कष्टाळू आहे. घरात पीठ चार बोटं आहे." मी तिथून ताडकन उठलो तो अंगणात. वाटेतल्या बादलीला लाथ मारली, तिचा पोचा अजून आमच्या न्हाणीघरात बघायला मिळतो. लग्न कसंबसं झालं. संसार झाला, पोरं झाली. पण त्या चार बोटांचा राग मी जपून ठेवला.

मामा प्राथमिक शिक्षक. उमेदीची वर्षं पारनेरकडच्या खेड्यांत गेली आणि शेवटी शिक्षण खात्यात विस्तार अधिकारी होऊन आमच्याच तालुक्यात आले, मिरजगावात बिऱ्हाड केलं. उंच, काटकुळे, पायजम्याला कपड्याच्या दोन चिमट्या लावून सायकल चालवायचे. पिठाच्या डब्यामागं त्यांचं एक शास्त्र होतं आणि ते समोरच्याला पाठ होईपर्यंत ऐकवायचे. "जावईबापू, सोयऱ्याला माणूस मिळकत वाढवून सांगतो, सरकारला कमी करून सांगतो. पीठ मात्र दोघांनाही तेवढंच दिसतं." त्यामुळं मामा बारशाला गेले तरी पाळण्याआधी डबा बघायचे. एकदा एका बड्या बागाईतदाराच्या घरी जेवायला गेले असताना त्यांनी हीच तपासणी केली. डबा रिकामा निघाला. बागाईतदारीण म्हणाली, "अहो, दळण गेलंय गिरणीत." मामा जेवायचे थांबले आणि गिरणीत जाऊन दळण खरंच आलंय का बघून परत आले. मग जेवले, भरपूर जेवले. मामी, म्हणजे मामेसासूबाई, या सगळ्यावर एवढंच म्हणायच्या, "आपल्या घरचा डबा मात्र कधी उघडून बघितला नाही ह्यांनी. तो भरायची आठवण मीच करायची."

मुलांच्या बाबतीत मामांची मापं आणखी बारीक होती. खिशात सहा इंची पट्टी असायची. शाळेच्या तपासणीला गेले की फळा, हजेरी, खडू सगळं हेडमास्तरांवर सोपवून ते पोरांच्या ओळीतून फिरायचे आणि प्रत्येकाच्या पेन्सिलीला पट्टी लावायचे. पेन्सिल बोटभर उरली की पोरं ती टाकतात. ज्याच्याकडं पेरभर उरलेली, पेनच्या टोपणात खोचून लांब केलेली पेन्सिल दिसेल, त्याचं नाव मामा आपल्या चिटोऱ्यावर घ्यायचे. "जेवलास का?" असं त्यांनी कुठल्याच पोराला कधी विचारलं नाही. का, म्हणून मी एकदा डिवचलं, तर म्हणाले, "जेवलास का म्हटलं की उपाशी पोरगंसुद्धा हो म्हणतं. त्यालाही मान आहे. म्हणून मी विचारतो, काल संध्याकाळी काय जेवलास? मग विचार करायला लागतं. जेवढा जास्त वेळ विचार, तेवढं कमी जेवण." मधल्या सुट्टीत ते हापशापाशी उभे राहायचे. घरी जेवायला जातो सांगून गेलेली काही पोरं शाळेला वळसा घालून हापशावर यायची, पोटभर पाणी प्यायची आणि तोंड पुसत वर्गात जायची. मामा त्यांच्याकडं न बघितल्यासारखं करून सगळ्यांना बघायचे.

इतका बारीक हिशेबी डोळा, पण बाजारात हा माणूस म्हणजे निव्वळ नुकसान. भाजीवाली जो भाव सांगेल त्याला हे मान डोलावणार. मी एकदा बरोबर होतो. वांग्याचा भाव ऐकून मी नेहमीसारखा निम्म्यावर आलो, बाई वाद घालायला लागली, रंग भरत आला होता, तोच मामांनी पुढं होऊन सांगितलेला भाव तिच्या हातावर ठेवला. बाई माझ्याकडं बघून म्हणाली, "तुमच्यापरीस म्हातारा शाना हाय." मी घरापर्यंत त्यांच्याशी बोललो नाही. मामांच्या ते लक्षातही आलं नाही.

तर नव्वदीच्या मधल्या वर्षांत सरकारनं ठरवलं की राज्यातल्या शाळेच्या वयाच्या मुलांमध्ये गरिबी किती आहे ते मोजायचं. घरोघर जाऊन फॉर्म भरायचे आणि ज्या गावात गरीब मुलं जास्त निघतील तिथं हंगामापुरतं वसतिगृह द्यायचं, म्हणजे आईबाप ऊसतोडीला गेले तरी पोरं गावात राहून शिकतील. आमच्या बाजूचं काम मामांकडं आलं. जन्मभर ज्याची वाट बघितली ते सरकारनं हातात आणून दिलं असं त्यांना झालं. फॉर्म मात्र ज्यानं केला होता त्यानं खेड्यातलं घर लांबूनच बघितलं असावं. एक प्रश्न होता, मुलाला अभ्यासासाठी स्वतंत्र जागा आहे काय? एका पोरानं ऐटीत सांगितलं, "हाय की. शेळ्यांच्या पल्याड." पिठाचा प्रश्न नव्हता, पेन्सिलीचा नव्हता. मामांनी दोन्ही समासात लिहायला सुरुवात केली.

खरा घोळ वेगळाच होता. पाहणी काढली दिवाळीनंतर. मिरजगावच्या पलीकडं एक वाडी आहे, कोरडवाहू, माळाची. दसरा-दिवाळी झाली की तिथली निम्मी घरं ट्रकात बसून कारखान्यांकडं जातात ती थेट उन्हाळ्यात परततात. मामा पोचले तेव्हा दारांना कुलपं. बंद घराला दोनदा भेट द्यायची आणि मग "बंद" लिहून सोडून द्यायचं, असा नियम. राहिली कोण, तर विहीरवाले आणि नोकरीवाले. त्यांचे फॉर्म भरून गेले आणि आठवड्याभरात तालुक्याच्या साहेबांनी मामांना बोलावून हसतमुखानं सांगितलं, "तुमच्या वाडीत गरिबी फारच कमी निघाली हो. छान काम चाललंय."

त्या दुपारी मामा माझ्या दुकानात येऊन पालथ्या पिंपावर बसले. चेहरा असा, की मीही चहा सांगितला. म्हणाले, "गरीब बाहेर गेले की गाव श्रीमंत दिसतं, जावईबापू. चौथीतली मंदा माहीत आहे ना? तिची पेन्सिल मी कधी दीड पेराच्या वर बघितली नाही, आणि अक्षर असं की हेडमास्तरांनी लाजावं. ती या पाहणीत नाही. म्हणजे सरकारच्या लेखी ती गरीब नाही, श्रीमंत नाही, जन्मलेलीच नाही. आठवड्यानं फॉर्म बंद होतायत. वसतिगृह गेलंच म्हणायचं."

"मग जा की कारखान्यावर. हुडका."

"कुठल्या कारखान्यावर? कोण कुठं गेलंय, बरोबर किती मुलं नेलीत, म्हाताऱ्यांपाशी किती ठेवलीत, कोण सांगणार?"

माझी नजर गल्ल्याकडं गेली, कारण सांगणारा मीच होतो. ऊसतोडीला निघणारी माणसं जाण्याआधी माझ्याकडून जर्मनची, म्हणजे अल्युमिनियमची, भांडी नेतात. तळावर पन्नास कोप्या, म्हणजे उसाच्या पाल्याच्या झोपड्या, एकमेकींना लागून आणि भांडी घासायला पाण्याचा एकच पाट. त्यामुळं ताटल्यांची सरमिसळ होते आणि रोज भांडणं. म्हणून प्रत्येक ताटलीवर नाव घालून मागतात. मी नावं आधी वहीत लिहून घेतो, कुठल्या बाजूला निघालात तेही विचारतो म्हणजे एका नावाच्या दोघांची गल्लत होत नाही, आणि मग मशिनवर बसतो. जे पोरगं बरोबर जाणार, त्याचीच ताटली घेतात. मागं राहणाऱ्याला घरातलं जुनं चालतं. म्हणजे सरकारला जे ठाऊक नव्हतं ते सगळं माझ्या गल्ल्याच्या खालच्या कप्प्यात पडलेलं होतं.

आणि इथं मी माझा धंदा दाखवला. वही काढली, त्यांच्यासमोर धरली आणि म्हणालो, "ही देतो. वर टेम्पोही देतो. पण माझी एक अट हाय. आज संध्याकाळी माझ्या घरी, तुमच्या भाचीसमोर आणि माझ्या आईसमोर म्हणायचं, की ते चार बोटं पीठ माझी चूक होती."

मामांनी वहीकडं बघितलं. त्यांचे डोळे वहीवरून हटत नव्हते, पण मान हलली ती आडवी. "चूक कशी म्हणू? चारच बोटं होतं."

"अहो, नुसतं तोंडानं म्हणायचंय."

"तोंडानंच लोक मिळकत सांगतात, जावईबापू."

मी भडकलो. वही गल्ल्यावर आपटली. वीस वर्षांचं साचलेलं सगळं बाहेर काढलं. मामा ऐकत राहिले आणि मी दम घ्यायला थांबल्यावर म्हणाले, "मी पुढंही बोललो होतो. चार बोटं पीठ असताना पाच पाहुण्यांना जिनं दोन दोन बशा पोहे वाढले, त्या बाईच्या घरात पोरगी उपाशी राहणार नाही, द्या मुलगी, असं मी ताईला सांगितलं. त्यावरच तर सुपारी फुटली."

"मग हे मला इतकी वर्षं कुणी का नाही सांगितलं?"

"तुम्ही अंगणात गेला होतात. बादलीचा आवाज झाला. परत विषय काढायची कुणाला छाती झाली नाही."

आई आता थकली होती, पण संध्याकाळी मी तिला विचारलं. ती म्हणाली, "व्हय, म्हणलं हुतं त्यांनी. तुला वाटलं त्यांनी तुझी कीव करून पोरगी दिली?" मी वही दिली. काही न घेता दिलेला माझ्या आयुष्यातला हा पहिला माल. तरीही माझं म्हणणं आहे की दुसऱ्याच्या डब्याला विचारल्याशिवाय हात लावू नये.

वहीत वाडीची जास्तीत जास्त नावं कोल्हारकडं गेलेली निघाली. दुसऱ्या दिवशी पहाटे टेम्पो काढला. नगर मागं टाकून मनमाड रस्त्याला लागलो तसा दोन्ही अंगांनी ऊस सुरू झाला. आमच्या डोळ्यांना एवढ्या हिरव्याची सवय नाही. मामा मांडीवर कोरे फॉर्म घेऊन बसले होते आणि खड्डा आला की ते छातीशी धरायचे. प्रवरेच्या अलीकडं तळ सापडला. पाचटाच्या कोप्या, बैलांच्या रिकाम्या दावणी, मोठी माणसं फडात. मागं उरलेली पोरं बारक्यांना काखेत मारून आमच्याकडं बघत उभी. मामांनी एका कोपीसमोर बैठक मारली आणि पोरांना सांगितलं, "आपापली ताटली घेऊन या." पोरांना वाटलं खायला मिळणार. सगळी धावत आली. मामांनी ओळीत बसवलं, एकेक ताटली उलटी करून नाव वाचलं, हजेरी घेतली आणि मी टेम्पोतून आणलेला चिवडा त्याच ताटल्यांत वाढला. तो चिवडा आणायचं मामांना सुचलं नव्हतं, हे इथं नोंदवून ठेवतो.

एवढ्यात मुकादम मोटारसायकलवरून आला. या टोळीच्या कामाचा धनी तोच.

"कोन रं तुमी? काय मोजताय हितं?"

"पोरं," मामा मान वर न करता म्हणाले.

"पोरं कशापायी? फडात पोरं लावली म्हून लिवून नेनार आन मला अडकवनार, व्हय ना? चला, उठा."

माझं डोकं फिरलं. "अडकवायचं असतं तर पोलिसांची गाडी घेऊन आलो असतो, चिवडा घेऊन न्हाई. तुला भांडी कोन देतं हंगामाला? अख्ख्या टोळीची पातेली माझ्या दुकानातनं नेतोस ना? पुढच्या साली ये, मग बघतो तुला."

मुकादमानं मला नीट निरखलं. "आरं, तुमी हाय व्हय. न्हाई, वळखलं न्हाई टोपीत." मग आवाज उतरवून मामांकडं बोट केलं. "पर ह्यास्नी पोरं मोजून काय मिळनार हाय?"

मामांनी पहिल्यांदा वर बघितलं. "मला काही नाही. ती आहेत एवढं कागदावर यावं."

मंदाची ताटली होती, मंदा नव्हती. ती फडात वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करायला गेली होती. मामा चपला काढून तसेच सरीतून चालत गेले, मीही मागून. पोरीच्या हातात कोयता नव्हता म्हणून बरं, नाहीतर गुरुजींना बघून लाजून पळाली असती, असं तिच्या आईनं आम्हाला हसत सांगितलं. मामांनी फॉर्म गुडघ्यावर धरून विचारलं, "काल संध्याकाळी काय जेवलीस?"

मंदानं बराच वेळ विचार केला. "भाकर."

"कशाबरोबर?"

"आईबरुबर."

मामांनी ते समासात जसंच्या तसं लिहिलं. मग चष्मा पुसला. पाचटाचा कण गेला म्हणाले. मी काही विचारलं नव्हतं.

फॉर्म घेऊन आम्ही तालुक्याला गेलो, तर साहेब म्हणाले ही मुलं दुसऱ्या तालुक्यात सापडली, तेव्हा ती तिकडची. मामा तिकडं पत्र घेऊन गेले, तर तिथले म्हणाले घरं तुमच्याकडं, तेव्हा ती तुमची. मग मामांनी बाकडं धरलं. रोज सकाळी साहेबांच्या दारासमोर डबा घेऊन बसायचे आणि कचेरी बंद झाली की सायकल काढायचे. आवाज नाही, अर्ज नाही. साहेब आत-बाहेर करताना त्यांची नजर चुकवायला लागले. तिसऱ्या दिवशी मी चिडून गेलो होतो भांडायला, पण माझी गरज पडली नाही. साहेबांनी त्यांना आत बोलावलं आणि मामा एवढंच म्हणाले, "एक मुलगी एकाच वेळी दोन तालुक्यांत नसते, हे मला मान्य आहे साहेब. पण ती एकाही तालुक्यात नाही, असं मी कुठल्या रकान्यात लिहू?" साहेबांनी बराच वेळ फॉर्मांची चळत चाळली. एका फॉर्मच्या समासापाशी थांबले. मग पेन मागितलं आणि सगळ्यांवर सही केली.

पुढच्या हंगामाला वाडीच्या शाळेत वसतिगृह मंजूर झालं. दोन खोल्या, स्वयंपाकाला एक बाई. आणि दसऱ्यानंतर ट्रक भरायला लागले तरी एकही पोरगं राहायला आलं नाही. बारक्यांना सांभाळायला थोरल्या पोरी लागतातच, त्यांना कोण मागं ठेवणार? त्या सकाळी मामा माझ्या दुकानात धापा टाकत आले. "जावईबापू, दुकान बंद करा. घासाघीस करायची आहे, आणि ती मला येत नाही."

मंदाची आई ट्रकात चढून बसली होती. मांडीवर दोन वर्षांचं पोरगं, बाजूला मंदा आणि तिच्या पाठची बहीण. मी फळकुटाला धरून उभा राहिलो आणि नेहमीसारखा वरून सुरुवात केली. "तिन्ही पोरं ठेव."

"खुळं झालंय का काय तुमी?"

"बरं, दोघी पोरी."

"एक बी न्हाई."

"एकटी मंदा. संक्रांतीपतूर. न्हाई जमलं तर मी सोता टेम्पोनं आनून सोडतो."

"आन ह्या बारक्याला कोन बघंल? मी कोयता धरू का ह्याला धरू? ह्येला ठिवून घ्या, मग ठिवते पोरगी."

इथं माझा धंदा संपला. वसतिगृहात सहा वर्षांच्या आतलं पोर घ्यायचं नाही, हा नियम मामांनीच मला वाचून दाखवला होता. मी मामांकडं बघितलं. ते म्हणाले, "ठेवू. आमच्या घरी. मामी बघतील." मामींना यातलं काहीही ठाऊक नव्हतं. आईनं मामांकडं बघितलं, पोराकडं बघितलं, आणि पोरगं माझ्या हातात दिलं. मंदा मागून आपली आपण उतरली. तिचं बघून आणखी दोघी उतरल्या. ट्रक हलल्यावर ते बारकं असं रडलं की मामा त्याला खांद्यावर टाकून सायकल हातानं ढकलत मिरजगावापर्यंत चालत गेले. मामींनी दार उघडलं, पोराला घेतलं आणि विचारलं, "ह्याला दूध चालतं का?" उन्हाळ्यात त्याला परत द्यायची वेळ आली, तेव्हा मामींनी त्याची दुधाची वाटीही गाठोड्यात बांधून दिली.

नंतर दरवर्षी आम्ही दोघं जायचो. मी भाव करायचा आणि जिथं माझं अडेल तिथं मामांनी हो म्हणायचं. कधी पाच उतरायची, कधी नऊ. गेल्या उन्हाळ्यात मामा गेले. तसे थकले होते, पण एवढ्या लवकर जातील असं वाटलं नव्हतं. त्यांच्याशी अजून दोन-तीन विषयांवर भांडायचं राहिलं होतं.

यंदा दुकान बंद करून एकटाच गेलो. तीन ट्रक उभे होते. दुसऱ्या ट्रकात एक बाई चार पोरांना कवेत घेऊन बसली होती. मला बघून तिनं माझ्या मागं, रस्त्याच्या वळणापर्यंत नजर टाकली.

"त्ये म्हातारं गुरुजी कुटं हायेत औंदा?"

 मी फळकुटावर पाय दिला आणि हात पुढं केला.

"आधी थोरलीला खाली उतरव," मी म्हणालो. "मग सांगतो."